मांजर स्वतःच बोलतं

ता. ४ जून

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि नातू खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून काही कळायची सोय नाही.

मी ठीक आहे. ठीक म्हणजे उजवा गुडघा सोडून, आणि सकाळी कानात जी शिट्टी वाजते ती सोडून. डॉक्टर म्हणतो, वयानं होतं. त्याला काय, तो सगळ्यालाच वयानं होतं म्हणतो. परवा त्याच्या दवाखान्यातला पंखा करकरत होता, तर त्यालाही तेच म्हणाला.

तुझ्याकडची गॅसची नळी बदलली का? मागच्या खेपेला मी आलो होतो तेव्हा तिला चिरा पडलेल्या होत्या. बदलली नसेल तर हे पत्र खाली ठेव, आधी ती बदल आणि मग पुढचं वाच.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर मला बोलायला सुचत नाही. तू "हं, हं" करतेस आणि मागे मिक्सर चालू असतो. लिहिताना माझ्या चुका होतात हे मला ठाऊक आहे. शाळा फार नाही झाली माझी, लिहायला उशिरा शिकलो. पण पत्राच्या मागे मिक्सर नसतो.

आता बातमी. टीव्ही स्टेशनातून माणूस आला होता. 'अर्धी गोष्ट' पुन्हा दाखवणार आहेत! म्हणजे नवी नाही, जुन्याची आठवण म्हणून एक खास कार्यक्रम करणार आहेत. तुला सगळं माहीत आहे, पण नातवाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एवढं त्याला वाचून दाखव.

बाळा, तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा दर रविवारी संध्याकाळी 'अर्धी गोष्ट' लागायची. गोष्टीकाका उंच स्टुलावर बसून गोष्ट सांगायचे आणि अगदी राजकन्या विहिरीत पडली की थांबायचे. मग गाणारी ताई गाणं म्हणायची. राजकन्या बिचारी विहिरीतच. मग एक कार्टून. आणि मग काका तिला बाहेर काढायचे. कार्टूनं जुनी होती, मुकी, काळीपांढरी, गोल डब्यांतून यायची. त्यात एक टोपीवालं मांजर होतं. त्याला नोकरी मिळायची नाही. कधी न्हावी व्हायला जायचं, कधी पोस्टमन, कधी आगीच्या बंबावर, आणि दरवेळी संध्याकाळपर्यंत हाकललं जायचं. त्या मांजराचा आवाज तुझ्या आजोबांचा. त्याच्या मालकाचाही, उंदरांचाही आणि खिडकीतून भांडणाऱ्या म्हातारीचाही.

मी तिथं सुतारकामाला होतो. आवाजासाठी एक नट आणला होता. तो कागदावरून वाचायचा आणि मागे पडायचा. मांजर गटारात पडून वर आलं, अंग झटकलं, तरी हा अजून "नमस्कार मालक" वरच. मी पडद्यामागे खिळे ठोकता ठोकता आपलं माझंच बोलत होतो, ते मोठ्या साहेबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून काचेच्या खोलीत मी. कागद नाही, काही नाही. सकाळी एकदा फीत बघायची आणि संध्याकाळी मांजराच्या तोंडाकडे बघत बोलायचं. सगळं थेट जायचं. घसा बसला तरी मांजराला बसून चालायचं नाही.

साहेबांचा नियम मात्र कडक होता. नावांच्या पाटीत माझं नाव नाही. ते म्हणायचे, "पोरांना कळता कामा नये की मागे माणूस आहे. कुणी विचारलं तर एकच सांगायचं, मांजर स्वतःच बोलतं." घरीदारी बोलायची बंदी. मी तुझ्या आजीला आणि आईला शपथ घातली होती, विचार आईला.

(इथपर्यंत नातवाला वाच. पुढचं तुझ्यासाठी.)

तर आता स्टेशनला ते डबे सापडलेत. पण मुके. आमचा आवाज कुणी ठेवलाच नव्हता. जे टेपवर होतं ते पुसून त्यावर पुढचे कार्यक्रम घेतले. स्टेशनातून आलेला तो पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे काही आहे का?" मी म्हटलं, "आहे." आणि तुझ्या आईनं भरलेली कॅसेट काढून त्याच्या हातात दिली.

त्याला मी सगळं सांगितलं. की माझी बायको तोंडावर कधी कौतुक करणारी नव्हती. 'बरं झालं' एवढंसुद्धा कधी नाही. पण हातातली कामं टाकून तिनं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि माझा आवाज भरून घेतला. मी ती कॅसेट गाण्यापर्यंतच ऐकली होती. पुढे मशीननं फीत गिळली, तुझ्या आईनं पेन्सिल घालून ती गुंडाळली आणि म्हणाली, "आता परत लावायची नाही, तुटेल." आणि कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवून दिली. इतकी जपली तिनं. पोरगा म्हणाला, "आजोबा, हेच आम्हाला पाहिजे! हेच कॅमेऱ्यासमोर सांगा."

माणसाला एवढं पुरतं, खारू. मला पुरलं. कार्यक्रमाला जुनी मंडळी येतील, मुलं असतील, तूही ये. नातवाची परीक्षा वगैरे सांगू नकोस.

नळीचं बघ.

तुझा बाप आणि टोपीवालं मांजर


ता. १९ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. हे पत्र नातवाला वाचून दाखवू नकोस.

तुझा निरोप मिळाला. परीक्षा आहे तर आहे. नळी बदलली हे चांगलं केलं. जुनी फेकून दे, माळ्यावर ठेवू नकोस. लोक ठेवतात आणि मग कुणीतरी तीच परत लावतं.

इकडे जिन्यातला दिवा गेलाय. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, खालच्यांनी लावायचा. खालचा म्हणतो, वापरतो कोण? मी मधे. मी दोघांनाही हो म्हणतो आणि भिंत धरून चढतो.

स्टेशनात जाऊन आलो. आमची काचेची खोली गेली. तिथं आता पाण्याचं मशीन आहे. बसायला चाकाची खुर्ची दिली. मी बसलो की ती मागे जायची. आपल्या हातचं एक स्टूल तरी कुठं दिसतंय का ते पाहिलं. नव्हतं.

गुडघा तसाच आहे.

कॅसेट त्यांनी साफ केली आहे. साउंडवाली बाई हुशार आहे, बोलायला चांगली. तिनं कानांवर ते जाड हेडफोन लावून दिले आणि म्हणाली, "आजोबा, आता सगळं ऐकू येईल. घरातलेही आवाज आहेत मागे, फार गोड आहेत."

आले ऐकू.

मी हे लिहिणार नव्हतो. दोन दिवस नुसता फेऱ्या घालत होतो. मग वाटलं, त्या खोलीत तू होतीस. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

सुरुवातीला, पूर्वी नुसती खरखर ऐकू यायची तिथं, तुझा आवाज आहे. "आई, मी बटण दाबलंय, आता बोलू नको हं." तुझा. म्हणजे कॅसेट तू भरलीस. तुझ्या आईनं नाही. एवढी वर्षं मी पाहुण्यारावळ्यांना, शेजाऱ्यांना, आता त्या पोरालाही सांगत आलो की माझ्या बायकोनं भरली, आणि तू शेजारी बसून कधी "बाबा, मी भरली" म्हणाली नाहीस. का म्हणाली नाहीस?

मग काकांची गोष्ट, ताईचं गाणं. आणि मांजर सुरू झालं. न्हाव्याच्या दुकानातलं आहे ते, गिऱ्हाइकाच्या मिशीला साबण लावतं ते. चांगलं बोललो होतो मी. खरंच चांगलं. तेवढ्यात आपलं दार वाजतं. शिवणाच्या मशीनवाली आपली शेजारीण. तिचा आवाज मी लगेच ओळखला, ती खोकल्याशिवाय आत यायचीच नाही. जसं आहे तसं लिहितो. बाईनं मला ते परत परत ऐकवलं, मीच मागितलं.

शेजारीण म्हणते, "अगं बाई, हे मांजर काय बोलतं गं! माणूस आहे का मागे?"

तुझी आई म्हणते, "कोण जाणे. असेल एखादा. पोटासाठी काय काय सोंगं करावी लागतात माणसांना."

तू ओरडतेस, "बाबा आहेत! आमचे बा—"

"गप. काय सांगितलंय तुला? बाबा ऑफिसात असतात."

"हो का?" शेजारीण म्हणते. "टीव्हीवाल्यांच्या ऑफिसात? मोठी नोकरी आहे मग."

आणि तुझी आई म्हणते, "हो. कागदपत्रांचं बघतात."

मग बराच वेळ फक्त मांजर बोलतंय. शेजारीण हसतेय. तू एकदाही नाही.

साउंडवाल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "चहा सांगू?" मी म्हटलं, "सांगा." दुसरं काय म्हणणार?

खारू, तुझी आई गेल्यानंतर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. फोटो आहेत, पण आवाज कुठंच नव्हता. मला वाटायचं, कधीतरी कुठंतरी ऐकायला मिळावा. मिळाला.

मी स्वतःशी सगळ्या बाजूंनी भांडून पाहिलं. शपथ मीच घातली होती. ती तिनं पाळली, बरोबर. शेजारणीला काय, कुणालाच सांगायचं नव्हतं. पण शपथ पाळायला 'कोण जाणे' एवढं पुरत होतं. सोंग कशाला? आणि कागदपत्रं? मला पगाराच्या पावतीवर सही करायची तर दारात उभं राहून आधी बोटानं हवेत गिरवून बघावी लागायची. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं नेमकी तीच नोकरी मला दिली. जी मला जन्मात जमली नसती ती.

आता वाटतं, फीत मशीननं गिळली होती का? की ऐकू नये म्हणून गिळली सांगितली? साड्यांखाली जपून ठेवली म्हणायचो मी. साड्यांखाली माणूस काय काय ठेवतो!

एकच विचारतो. शाळेत तुला, बाप काय करतो, असं विचारायचे तेव्हा तू काय सांगायचीस? आणि ते सांगायला तुला कुणी शिकवलं होतं?

खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

बाबा


ता. ३० जून

चि. खारूस,

आशीर्वाद. जिन्यातला दिवा मीच लावला. शिडी घेऊन नाही, काळजी करू नकोस, वायरमन बोलावला.

परवा संध्याकाळी तू फोन केलास. मी नीट बोललो नाही, कारण तू रडत होतीस की घसा धरला होता ते मला कळेना, आणि विचारावं तर भीती. तू म्हणालीस, "बाबा, शपथ तुम्हीच घातली होती. आईनं पाळली. झालं." मी म्हटलं, "आणि कागदपत्रं?" तर तू म्हणालीस, "थांबा हं, दूध उतू जातंय," आणि फोन ठेवलास. तुझ्या घरी दूध सकाळी तापवतात. मी आठवडाभर राहून गेलोय तिथं.

शाळेत तू काय सांगायचीस ते तू सांगितलं नाहीस. म्हणजे सांगितलंसच.

तुझ्यावर राग नाही. तू लहान होतीस, तुला 'गप' म्हटलं, तू गप्प झालीस. गप्प झालीस ती झालीसच. मग मी चारचौघांत तुझ्या आईचं कौतुक सांगायला लागलो तेव्हाही गप्पच बसलीस. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला एवढं एक सुख आहे, राहू दे. तू माझ्या बऱ्यासाठीच केलंस. पण मी किती वेळा ते सांगितलं असेल, आणि दरवेळी तू तिथं बसून चहाचे कप गोळा केले असशील, हे आठवलं की कान तापतात.

कार्यक्रम झाला. आदल्या दिवशी साउंडवाल्या बाईनं हळूच विचारलं, "आजोबा, तेवढा भाग काढून टाकू का? पण तिथं मांजराचा आवाजही जाईल. दोन्ही एकात एक मिसळलंय, वेगळं करता येत नाही." मी म्हटलं, "जाऊ दे. मांजर तिथं मुकं राहू दे."

मुलं सतरंजीवर बसवली होती, पूर्वीसारखी. गोष्टीकाका तर केव्हाच गेले, त्यांच्या स्टुलावर कुणी नवा नट बसला होता. गाणारी ताई आली होती, तिचा मुलगा तिला धरून चालवत होता. कार्यक्रमात तिनं एकच ओळ गायली, बाकी गाणं कॅसेटवरचं लावलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मांजरा, अजून नोकरी मिळाली नाही का रे तुला?" मला हसायला आलं.

फीत लावली. माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये. मुलं काय हसली, खारू! आताची मुलं, ज्यांना रंगीत सगळं आहे, ती त्या काळ्यापांढऱ्या मांजराला हसली. साबण मिशीला लागला तेव्हा एक पोरगं मागं पडलं हसून. आणि मग ती जागा आली. मांजराचं तोंड हलतंय, हात हलतायत, आवाज नाही. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, "त्याला कुणी ओरडलं का?"

तिच्या बाजूला तिची आई बसली होती. तिनं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

नंतर कॅमेरा माझ्यावर आला. कार्यक्रमाच्या बाई फार गोड हसत म्हणाल्या, "आणि ही कॅसेट कुणी भरली, आजोबा? सांगा ना, ती गोष्ट सांगा." त्यांना आधीच माहीत होतं मी काय सांगणार. त्यांनी रुमालसुद्धा जवळ ठेवला होता. मी म्हटलं, "माझ्या मुलीनं भरली." त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या मिसेस..." मी म्हटलं, "त्या घरात होत्या."

मग त्यांनी त्या चिमुरडीला पुढं घेतलं आणि शिकवल्यासारखं विचारायला लावलं. तिनं माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "आजोबा, ते मांजर तुम्ही आहात ना?"

हॉलमधले सगळे दात काढून माझ्याकडे बघत होते. एवढी वर्षं वाट पाहिली होती मी या प्रश्नाची. पाटीत नाव नव्हतं, कुठं नव्हतं. एवढं 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नाही बाळ. मांजर स्वतःच बोलतं."

"मग तुम्ही काय करता?"

"मी ऑफिसात असतो. कागदपत्रांचं बघतो."

लोकांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. फक्त काचेपलीकडे साउंडवाल्या बाईनं हेडफोन काढून खाली ठेवला. आणि ती चिमुरडी हसली नाही. तिला पटलं होतं. ती म्हणाली, "मग मांजराला तुमच्या ऑफिसात नोकरी द्या ना."

मी म्हटलं, "विचारतो."

तुझ्या आईचा शब्द मी खरा केला का तिच्यावर सूड घेतला, तू ठरव. मला घरी आल्यावर दोन्ही वाटलं. तिच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालो, "झालं समाधान?" आणि मग फोटो पुसला, धूळ बसली होती.

रविवारी दाखवणार आहेत. बघितलंस तर बघ. नातवाला दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यानं विचारलं तर काय सांगायचं तेही. मी या वेळी कुणालाच शपथ घालत नाही.

कॅसेट तुला पाठवतोय. ती तुझी आहे, उगाच माझ्याकडे होती. बाईनं कापलं ते तिच्या मशीनवरचं. या कॅसेटमध्ये ती जागा आहे तशीच आहे. ऐकायची असेल तर ऐक, नसेल तर नको. मी पुन्हा ऐकणार नाही. पण एक सांगून ठेवतो, "बाबा आहेत" असं तू ज्या आवाजात ओरडलीस, तसं मला आयुष्यात कुणी ओरडून सांगितलं नाही. पुढचा 'बा' अर्धाच राहिला, त्याला इलाज नाही.

फ्रीजवर ठेवू नकोस, स्पीकरजवळ ठेवू नकोस, उन्हात ठेवू नकोस. साड्यांखालीही ठेवू नकोस.

तुझे,
कागदपत्रांचं बघणारे
बाबा